टाळू मऊ आहे तरी मेंदूला सूज कशी?

प्रश्न:
बहिणीचं बाळ जन्मल्यावर रडलंच नाही, ऑक्सिजन कमी पडला म्हणाले, आता एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) कूलिंगवर ठेवलंय, म्हणजे मेंदू जपायला अंग मुद्दाम थंड ठेवतात. रोज टाळूवर प्रोब ठेवून सोनोग्राफी करतात आणि आज म्हणाले सूज वाटतेय, एमआरआय नंतर बघू. अहो पण टाळू तर मऊ लागते. आणि एमआरआय आत्ताच का नाही?

उत्तर (एनआयसीयू नर्स):
टाळूवर जाऊ नका ताई. नवजात बाळाच्या कवटीचे सांधे उघडे असतात, आत थोडं फुगलं तर जागा मिळते, टाळू वर यायला वेळ लागतो, कधी येतही नाही. सोनोग्राफीत आधी कळतं, मेंदू पांढरट धूसर दिसतो, वळ्यांमधल्या खाचा पुसट होतात, मधल्या पाण्याच्या पोकळ्या चिरेएवढ्या उरतात. पण पोकळ्या पहिले काही दिवस धडधाकट बाळातही बारीक असू शकतात, म्हणून तर रोज बघतात, फरक पडतोय का ते.

उत्तर (बालरोग रेसिडेंट):
त्यात डॉप्लरही असतो, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते मोजणारी सोनोग्राफी. त्यातून मेंदूच्या रक्तवाहिनीतला रेझिस्टिव्ह इंडेक्स मिळतो, रक्ताला वाहताना किती अडथळा होतोय त्याचा आकडा. ०.५५ च्या खाली गेला की आम्हाला काळजी वाटते, वाहिन्या सैल पडून रक्त वाजवीपेक्षा जास्त वाहतंय असा अर्थ. मात्र कूलिंग चालू असताना हा आकडा तितका भरवशाचा नाही, आणि कवटीच्या आतलं प्रेशर फारच चढलं तर तो उलट वर जातो. कूलिंग ३३.५ डिग्रीवर ७२ तास, मग हळूहळू गरम करतात, म्हणून एमआरआय साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी. फार लवकर काढला तर इजा असते त्यापेक्षा कमी दिसू शकते, आणि आठवडा उलटला की डिफ्युजनमधल्या (पेशींतल्या पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या एमआरआयच्या प्रकारातल्या) खुणा फिक्या पडायला लागतात.

प्रश्नकर्ती:
थँक्यू दोघांना. कपाळावर मेंदूतला ऑक्सिजन मोजणारी पट्टी लावलीय, तिचा आकडा ९० च्या वर असतो, ऑक्सिजन भरपूर आहे म्हणजे चांगलंच ना?

उत्तर (बालरोग रेसिडेंट):
तेवढ्यावरून नाही सांगता येत. मेंदूच्या पेशी दमल्या असतील तर त्या ऑक्सिजन घेतच नाहीत, मग तो रक्तात तसाच राहतो आणि आकडा चढलेला दिसतो (इथे भलेभले फसतात). पट्टी सूज मोजत नाही. उद्या राउंडला एईईजीचं (मेंदूच्या विद्युत लहरींची सतत चालणारी नोंद) विचारा, बॅकग्राउंड म्हणजे लहरींची मूळ पातळी सुधारतेय का आणि झोप-जागेचं चक्र दिसायला लागलं का. ते लवकर परत आलं तर खरंच चांगलं लक्षण.