बर्लिनमधला पंधरा ऑगस्ट रविवारी का?

पीटी सर, त्रिमूर्तीनगर

मुलगी नऊ वर्षांपासून बर्लिनला आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे ८८ दिवस राहून आलो. त्या मुक्कामात तिथला पंधरा ऑगस्ट पाहिला आणि त्यांचा ३ ऑक्टोबरही, म्हणजे जर्मनी एक झाल्याचा राष्ट्रीय दिन. २०२५ साली दोन्ही शुक्रवारी आले. परवा मुलीचा फोन आला. यंदा सव्वीस जानेवारी सोमवारी येतो, म्हणून तिथली मराठी मंडळी पंचवीसला, रविवारी, हॉल घेऊन प्रजासत्ताक दिन करणार आहेत. मी म्हटलं, मग तो प्रजासत्ताक दिन नव्हे, नुसतं स्नेहसंमेलन झालं. ती दुखावली. म्हणून इथे विचारतो आहे, माझं कुठे चुकतं का?

पंधरा ऑगस्टला नातीला शाळा नव्हती, तिथल्या उन्हाळी सुट्ट्या चालू होत्या. मुलगी-जावई मात्र सकाळीच कामावर गेले. मी नातीला घेऊन टियरगार्टनजवळच्या आपल्या दूतावासात झेंडावंदनाला गेलो. लाल दगडाची इमारत आहे, लांबूनच आपली वाटते. झेंडा चढला, राष्ट्रपतींचा संदेश वाचून झाला, जन गण मन झालं. पोरगी ताठ उभी होती. येताना म्हणाली, "आजोबा, एवढा मोठा दिवस आहे तर आईबाबा का नाही आले?" मला उत्तर देता आलं नाही.

रविवारी, १७ तारखेला, मंडळी टेंपेलहोफच्या जुन्या विमानतळाच्या मैदानावर जमली. चाळीसेक माणसं होती. तुर्की दुकानातून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या आणून केलेली सांबारवडी होती, चिवडा होता, पोरांच्या शर्यती झाल्या. सगळं फार प्रेमानं केलं होतं, ते मी नाकारत नाही. पण झेंडा बॅडमिंटनच्या जाळीच्या खांबाला चिकटपट्टीनं लावलेला. राष्ट्रगीत चालू असताना एक जण वाकून शेगडीवरची कणसं उलटत होता. बावन्न सेकंदांत कणसं करपत नाहीत. नंतर एका पोराला विचारलं, "आज काय आहे रे?" तो म्हणाला, "पिकनिक."

मी एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवली. पहाटे पाचला मैदानावर जाऊन फक्की मारायची, घडीत फुलांच्या पाकळ्या घालायच्या, सरकगाठ दोनदा तपासायची. ह्याच नागपुरात १९२३ साली झेंडा घेऊन सिव्हिल लाईन्समध्ये जाऊ द्या म्हणून माणसं रोज तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि रोज तुरुंगात गेली. जमनालाल बजाज आत गेल्यावर वल्लभभाई इथे आले. ऑगस्टात मिरवणूक शेवटी त्या रस्त्यानं गेली. त्या माणसांनी सोयीचा वार पाहिला नव्हता.

आणि ३ ऑक्टोबरला तिथे दुकानंसुद्धा बंद. आम्ही बेर्नाउअर रस्त्यावर भिंतीचं स्मारक बघायला गेलो. ही भिंत का बांधली, माणसं इकडून तिकडे कशी पळाली, १९९० साली दोन्ही देश एक कसे झाले, सगळं नातीनं मला सांगितलं. मोठी माणसं ज्या दिवसासाठी काम बाजूला ठेवतात, तो दिवस पोरांना कळतो.

---

माहेर धरमपेठ

सर, नमस्कार. मी अकरा वर्षं बर्लिनमध्ये आहे. तुम्ही पाहिलेल्या मंडळीत मी नव्हते, पण आम्हीही रविवारीच करतो, म्हणून लिहिते.

मला वर्षाला २८ सुट्ट्या मिळतात. त्यातल्या २२ नागपूरला येण्यात जातात. उरलेल्या सहांत मुलीची आजारपणं, शाळा बंद असण्याचे दिवस आणि एक दिवस दिवाळीचा. पंधरा ऑगस्टला रजा टाकायची म्हणजे आईबाबांजवळचा एक दिवस कमी करायचा. मी दर वर्षी हा हिशेब करते आणि दर वर्षी आईबाबा जिंकतात. तुमच्या मुलीनं तुम्हाला हे सांगितलं नसेल, पण तिच्याही घरात हा हिशेब होत असेलच.

दुसरं म्हणजे दूतावासातला कार्यक्रम सकाळी, कामाच्या वेळी. तिथे निवृत्त लोक, विद्यार्थी आणि ज्यांना रजा मिळते ते जातात. रुग्णालयात परिचारिका असलेल्या आपल्या मुली, हॉटेलात काम करणारी पोरं, ही रविवारीसुद्धा पाळी बदलून येतात. रविवार नसेल तर चाळीसाची सात माणसं होतील. आणि माझी मुलगी जन गण मन तोंडपाठ म्हणते, ते त्या रविवारांमुळेच.

चिकटपट्टीचं मात्र मान्य. ते वाचून मलाच लाज वाटली.

---

खामला

मी नागपुरात जर्मन शिकवते. मी सरांच्या बाजूनं आहे, आणि माझं कारण जर्मनीतलंच आहे.

२००४ साली तिथल्या सरकारनं ठरवलं होतं की ३ ऑक्टोबरऐवजी ऑक्टोबरचा पहिला रविवार राष्ट्रीय दिन धरायचा. अर्थमंत्री हान्स आयखेल ह्यांचा हिशेब असा, की एक कामाचा दिवस वाढेल आणि तिजोरीत भर पडेल. देशभर इतका संताप झाला की काही दिवसांतच प्रस्ताव मागे घ्यावा लागला. राष्ट्रपती होर्स्ट क्योलर ह्यांनीही उघड विरोध केला. आता हेच लोक काही सुट्टीसाठी हटून बसणारे नाहीत. १९९५ पासून वृद्ध आणि आजारी माणसांच्या शुश्रूषेच्या विम्याचा खर्च भागवायला त्यांनी नोव्हेंबरातली प्रायश्चित्त-प्रार्थनेच्या बुधवारची सुट्टी सोडून दिली. फक्त सॅक्सनीत ती राहिली. धर्माची सुट्टी सोडली, देशाची हलवू दिली नाही.

तारखेला किती वजन असतं ते त्यांच्या निवडीतही दिसतं. भिंत पडली ९ नोव्हेंबर १९८९ ला. साजरा करायला तोच दिवस सगळ्यांच्या मनात होता. पण १९३८ साली ९ नोव्हेंबरच्याच रात्री ज्यूंची घरं, दुकानं आणि प्रार्थनास्थळं जाळली गेली. त्या तारखेला नाचायचं नाही, म्हणून ३ ऑक्टोबर. ज्या शहरात तारीख इतकी जपतात, तिथे राहून आपण आपली तारीख रविवारच्या खुंटीला टांगायची, हे मला पटत नाही.

धरमपेठच्या ताईंचा रजेचा हिशेब वाचून गलबलून आलं, तरीही.

---

बेसा रोड

सर, तुमचं म्हननं पटते, पन बर्लिनवाल्याइले बोलाच्या आधी इथलं पाहा ना. आमच्या सोसायटीत दीडशे फ्लॅट हायेत. पंधरा ऑगस्टले झेंडावंदनाले बावीस मानसं. त्यातले सहा वॉचमन अन् सफाईवाले. सुट्टी साऱ्याइले व्हती. शुक्रवार आला, पुढं शनिवार-रविवार, त अर्धे चिखलदऱ्याले अन् पेंचले गेल्ते. इथं तारीख हाय, सुट्टी हाय, मानूसच नाही. तिकडं मानूस हाय, तारीख नाही. मले विचाराल त मी मानसाइच्या बाजूनं.

---

पाचपावली

माझं लहानपण दीक्षाभूमीच्या गर्दीत गेलं, म्हणून हा प्रश्न मला परका नाही. बाबासाहेबांनी दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला, आणि त्या दिवशी विजयादशमी होती. आता दोन्ही दिवस दर वर्षी एकत्र येत नाहीत. लाखो लोक दसऱ्याला येतात. १४ तारखेलाही लोक पांढरे कपडे घालून येतात. माझी आजी दोन्ही दिवशी जायची. तिला कोणी म्हटलं नाही की ह्यातला एक खोटा.

पण रविवारची गोष्ट वेगळी आहे, हेही सांगतो. आमचे दोन्ही दिवस त्या घटनेतूनच आले, एक तिथी आणि एक तारीख. कचेरीच्या कॅलेंडरातून आले नाहीत. आजूबाजूच्या राज्यांतून माणसं मजुरी बुडवून येतात, रेल्वेच्या डब्यात दाराशी उभी राहून येतात, आणि त्यांच्या रजेचे पैसे कोणी देत नाही. तेव्हा रजा मिळत नाही हे कारण मला ऐकायला जड जातं. ताई, राग मानू नका.

---

माहेर धरमपेठ

@पाचपावली राग नाही. मजुरी बुडवणाऱ्या माणसापुढे मी गप्प बसते. पण तो ज्या गर्दीत जातो, ती त्याला पुढच्या वर्षापर्यंत पुरते. दूतावासात सकाळी एकटीनं उभं राहून मी बाहेर आले की दाराबाहेर परत एकटीच असते. मला तो दिवस माणसांबरोबर हवा आहे.

---

जुनी शुक्रवारी

रविवारवर एवढा राग नको. आपला सव्वीस जानेवारीच मुळात रविवार होता. लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला, आणि देशभर शपथ घ्यायला काँग्रेसनं दिवस नेमला तो जानेवारी १९३० चा शेवटचा रविवार, म्हणजे २६ तारीख. लोकांना जमता यावं हाच हेतू असणार. पुढे १९४७ पर्यंत तोच स्वातंत्र्यदिन होता. पंधरा ऑगस्ट ही तारीख तर माउंटबॅटननं निवडली, जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षं होत होती म्हणून.

---

खामला

@जुनी शुक्रवारी पण पुढच्या वर्षी, १९३१ ला, २६ जानेवारी सोमवारी आला, तेव्हा काँग्रेसनं रविवार शोधला नाही. आणि संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारूनही अंमल २६ जानेवारीलाच सुरू केला, त्या तारखेसाठी थांबून. एकदा माणसांनी तारखेवर शपथ घेतली की ती त्यांची होते.

---

परत नागपूर

मी जरा वेगळं लिहिते. जून २०२४ पासून जर्मनीचा कायदा बदलला. त्यांच्याकडून आता जुनं नागरिकत्व सोडायची अट नाही. पण आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे मी जर्मन झाले त्या दिवशी भारतीय राहिले नाही. पासपोर्ट जमा केला, तो रद्दचा शिक्का मारून परत आला, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड घेतलं. निर्णय माझाच होता, मुलांसाठी आणि मतदानासाठी. जिथे कर भरते तिथे मत द्यायचं होतं.

गेल्या ३ ऑक्टोबरला शेजारच्या आजी घरी आल्या होत्या. त्या पूर्व बर्लिनच्या. मी त्यांना विचारलं, तुम्ही आज काय करता? म्हणाल्या, काही नाही, बहिणीकडे जेवायला जाते, ती पश्चिमेला राहायची, अठ्ठावीस वर्षं जाता येत नव्हतं. मग मला विचारलं, आणि तुझा दिवस कुठला? मी पंधरा ऑगस्ट म्हणाले, आणि त्याच क्षणी वाटलं, आता म्हणू शकते का मी?

सर, तारखेचा आग्रह धरा, पण ज्यांचा कागद बदलला त्यांना त्या तारखेला दूतावासाच्या पायऱ्या चढताना काय वाटतं, तेही बघा. रविवारी मैदानावर माझा पासपोर्ट कोणी मनात मोजत नाही. मी रविवारीच जाणार.

---

पीटी सर, त्रिमूर्तीनगर

सगळं दोनदा वाचलं. आधी @परत नागपूर. बाई, झेंड्यापुढे उभं राहायला पासपोर्ट लागतो असं मी एकतीस वर्षांत कुठल्याही पोराला शिकवलं नाही. तुम्ही उभ्या राहा. कुठेही, कुठल्याही वारी.

@माहेर धरमपेठ, रजेचा हिशेब मी मुलीला काल विचारला. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "बाबा, तुमच्या ८८ दिवसांसाठी मी वर्षभर एकही रजा घेतली नव्हती." हे मला माहीत असायला हवं होतं. फोन ठेवल्यावर मुलीच्या आईनं, म्हणजे आमच्या घरच्यांनी, मला चांगलंच सुनावलं.

@बेसा रोड, खरं आहे. आमच्या गल्लीतही तेच.

पण मी तारीख सोडत नाही. खामल्याच्या ताईंनी लिहिलं ते वाचून आग्रह वाढलाच. अख्खा दिवस नको, रजा नको. त्या दिवसातलं काहीतरी त्या दिवशीच व्हावं, पोरांसमोर, एवढंच म्हणणं आहे.

---

मिहान शिफ्ट

सर, मी मिहानमध्ये काम करतो आणि आमची टीम जर्मनीच्या घड्याळावर चालते, म्हणून हे सुचलं. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे असतो. म्हणजे आपल्याकडे पंधरा ऑगस्ट लागतो, रात्रीचे बारा वाजतात, तेव्हा बर्लिनमध्ये १४ तारखेच्या संध्याकाळचे साडेआठ. कचेरी सुटलेली, मुलं जागी, बाहेर उजेड. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तो नेमका ह्याच क्षणी. रजा लागत नाही आणि तारीखही चुकत नाही.

हिवाळ्यात हा फरक साडेचार तासांचा होतो. सव्वीस जानेवारीची परेड साडेदहाला सुरू होते, तेव्हा तिकडे सकाळचे सहा. कामावर जायच्या आधी अर्धा तास मुलांना मांडीवर घेऊन बघता येईल. पंचवीसचा हॉल राहू द्या.

---

खामला

@मिहान शिफ्ट हे चांगलं आहे, पण बर्लिनच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तेव्हा १४ तारीखच असेल. मुलं जिथे राहतात तिथलं पान उलटायला हवं. मी तारखेच्याच बाजूनं.

---

पीटी सर, त्रिमूर्तीनगर

साडेआठ म्हटल्यावर मी आधी सूर्यास्त पाहिला. ऑगस्टच्या मध्याला बर्लिनला साधारण त्याच सुमाराला सूर्य मावळतो. आयुष्यभर मी सूर्यास्ताला झेंडा उतरवला आहे, त्यामुळे त्या वेळेला चढवायचा म्हणजे हात अडखळतो. पण २०२२ साली ध्वजसंहिता बदलली आणि सामान्य माणसाला घरावर, उघड्यावर रात्रंदिवस झेंडा लावता येतो. तेव्हा नियमाची अडचण नाही, माझ्या सवयीची आहे. ती मी बघतो.

यंदा पंधरा ऑगस्ट शनिवारी आहे, २०२७ ला रविवारीच. दोन वर्षं भांडण नाही. खरी परीक्षा २०२८ ला, मंगळवारी. मुलीला कळवलं आहे की यंदा १४ ऑगस्टला, शुक्रवारी संध्याकाळी, बाल्कनीत करू, मी इथून व्हिडिओवर असेन. नातीनं गाठ शिकायची.

---

माहेर धरमपेठ

सर, आम्ही दोन घरं एका इमारतीत आहोत, आम्हीही करू. काठी आहे. दोरी कुठली घ्यायची?

---

पीटी सर, त्रिमूर्तीनगर

सुती घ्या. नायलॉनची सरकगाठ आपोआप सुटते, ऐन वेळी झेंडा घडीसकट खाली येतो. काठीच्या दुप्पट लांब आणि वर दोन हात जास्त. आदल्या दिवशी पाण्यात भिजवून ताणून वाळवा. पहिली गाठ मुलीला बांधू द्या.