निफाडच्या थंडीआधी बदकाची पिल्लं तयार कशी करायची?

शेततळं
नमस्कार मंडळी. खाकी कॅम्पबेल जातीच्या बदकांची २५ पिल्लं आहेत, १५ ऑक्टोबरला एक दिवसाची आणली, आज १० दिवसांची झाली. १० बाय १० फुटांची पत्र्याची खोली, तीन बाजूंना वीट, उत्तरेला जाळी. खाली भाताचं तूस, वर २५० वॅटचा बल्ब. खाद्य ब्रॉयलर स्टार्टर (कोंबडीच्या लहान पिल्लांचं). डिसेंबरात इथे पारा पाच-सहावर उतरतो. बल्ब कधी काढायचा? जाळी प्लास्टिकने पूर्ण बंद करू का?

गोदाकाठ
पूर्ण बंद अजिबात नको. बदकाची विष्ठा पातळ असते. खोली कोंडली की ओल आणि अमोनिया साठतो, डोळ्यांतून पाणी येतं, पिल्लं भिजलेल्या तुसावर बसून गारठतात. कोरडं पिल्लू थंडी काढतं, ओलं काढत नाही. खालून तीन फूट बारदान किंवा ताडपत्री लावा, म्हणजे पिल्लांच्या अंगावर वारा येणार नाही. वर छताखाली वीतभर फट उघडीच राहू द्या.

बल्ब: पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३२ अंश, मग दर आठवड्याला ३ अंश कमी. बल्बची साखळी थोडी थोडी वर घ्यायची. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघा: बल्बखाली ढीग करून चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय, कडेला पांगून चोच उघडी ठेवत असतील तर उष्णता जास्त. चौथ्या आठवड्यापासून दिवसा बंद, रात्री चालू. पाचवा आठवडा संपला की वाऱ्याचा आडोसा आणि कोरडं तूस असेल तर रात्रीचाही काढता येतो, मात्र थंडीची लाट आली की पुन्हा लावायचा. सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत ऊब देत बसलात तर ऐन थंडीत एकदम बल्ब काढावा लागेल, ते वाईट. पोटावर आधी पिसं येतात, पाठ आणि पंख शेवटी भरतात. पाठीवर लव दिसतेय तोवर रात्री बाहेर नको. तुमच्या हिशोबाने पाठ भरणं १० डिसेंबरच्या आसपास येतं, म्हणजे जेमतेमच. पुढच्या वेळी पिल्लं सप्टेंबरच्या सुरुवातीलाच आणा.

पाण्याचं भांडं तुसावर ठेवू नका. दोन बाय तीन फुटांची चौकट, अर्ध्या इंची जाळी, खाली पत्र्याचा ट्रे. भांडं त्या जाळीवर. भांडं एवढं खोल की नाकपुड्या बुडतील, अंग नाही. तूस मुठीत दाबा, गोळा झाला तर तो भाग काढून नवं घाला.

पेंडवाला
खाद्यात दोन गोष्टी. स्टार्टर तीन आठवड्यांपर्यंत ठीक, पुढे प्रथिनं १६-१८ टक्क्यांवर आणा, नाहीतर वाढ भसाभस होऊन पंखाचं टोक बाहेर वळतं. शेंगदाणा पेंड आणि बुरशीचा मका टाळाच; त्यातलं बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, बदकाला कोंबडीपेक्षा कितीतरी लवकर मारतं. भिजवलेलं खाद्य अर्ध्या तासात संपेल एवढंच द्या.

शेततळं
दोन पिल्लं कालपासून गुडघ्यावर बसतात, उठताना लडखडतात. थंडीमुळे का?

गोदाकाठ
थंडीपेक्षा नायसिन (बी-३ जीवनसत्त्व) कमी पडण्याचा संशय जास्त. बदकाला खाद्याच्या किलोला ५५ मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, कोंबडीच्या खाद्यात बहुधा तेवढं नसतं. किलोभर खाद्यात ५० ग्रॅम ब्रुअर्स यीस्ट मिसळा. यीस्ट मिळेपर्यंत कोंबड्यांचं बी-कॉम्प्लेक्स पाण्यातून द्या, बाटलीवर नायसिनामाईड (नायसिनचाच प्रकार) लिहिलंय का ते बघून. दोघांना वेगळं ठेवा, खाद्य-पाणी तोंडापाशी. आज सुरू केलंत तर पाय सुधारायला वाव आहे. वाकडे झाल्यावर सरळ होत नाहीत. दोन दिवसांत फरक नसेल तर पशुवैद्यांना दाखवा.

पेंडवाला
आणि पोहायला सोडायची घाई नको. आईविना वाढलेल्या पिल्लांच्या लवेला तिच्या पिसांचं तेल लागलेलं नसतं, त्यामुळे ती लगेच भिजतात. आता दुपारी कोमट पाण्यात पाच मिनिटं, मग थेट बल्बखाली. तळ्यात सहाव्या आठवड्यानंतर, आणि तीन वाजता बाहेर, म्हणजे ऊन आहे तोवर सुकतील.