एक होस्ट गेला तर दुसरापण रीबूट झाला, मग एचए लावलं कशाला?

शंकासुर:
नमस्कार मंडळी. दोन होस्टचा (व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारे सर्व्हर) प्रॉक्समॉक्स क्लस्टर आहे, दोन्हीकडे ६४ जीबी रॅम, लोकल झेडएफएस स्टोरेज आणि व्हीएमचं रेप्लिकेशन (ठरावीक वेळाने कॉपी) एकमेकांवर. महत्त्वाच्या ७ व्हीएमना एचए (हाय अव्हेलेबिलिटी, होस्ट पडला तर व्हीएम दुसरीकडे आपोआप सुरू करणारी सोय) लावलंय. परवा रात्री पहिल्या होस्टचा पॉवर सप्लाय उडाला. म्हटलं चला, याचसाठी तर केला होता अट्टहास, दोन मिनिटांत सगळं दुसरीकडे उभं राहील. तर मिनिटभराने दुसरा धडधाकट होस्टपण आपणहून रीबूट झाला, आणि वर आल्यावर एकही व्हीएम सुरू होईना, हाताने स्टार्ट दिलं तरी 'क्लस्टर नॉट रेडी, नो कोरम'. म्हणजे एचए नसतं तर निदान दुसऱ्यावरच्या व्हीएम तरी चालू राहिल्या असत्या ना? बग आहे का माझंच काही चुकलंय? हार्डवेअर लॉगमध्ये तर काहीच नाही.

केबलबाबा:
बग नाही हो, ठरल्याप्रमाणेच वागलाय बिचारा. दोन नोड (म्हणजे तुमचे होस्ट) म्हणजे दोन मतं, बहुमताला लागतात २. एक गेला की उरलेल्याकडे १ मत, कोरम म्हणजे बहुमत गेलं. आता त्या उरलेल्याला कसं कळणार की समोरचा खरंच मेलाय की आपलीच केबल निघालीय? आतून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. म्हणून ज्या नोडवर एचएच्या व्हीएम चालू आहेत त्याला वॉचडॉग (वेळेत रिफ्रेश झाला नाही तर मशीन रीसेट करणारा टायमर) सतत रिफ्रेश करत राहावा लागतो, कोरम गेला की ते थांबतं आणि साधारण ६० सेकंदांनी मशीन सरळ रीसेट होतं. हिशोब असा की आपण एकटे पडलो असू तर पलीकडची मंडळी आपल्या व्हीएम सुरू करणार, त्याआधी आपण मेलेलं बरं, नाहीतर एकच व्हीएम दोन ठिकाणी चालून डिस्कची वाट लागेल. तुमच्या बाबतीत पलीकडे कोणीच नव्हतं एवढंच. आणि कोरम नसला की कॉन्फिगचं फोल्डर रीड-ओन्ली होतं, त्यामुळे हाताने स्टार्टपण होत नाही.

उपाय म्हणजे तिसरं मत. तिसरा होस्ट घ्यायची गरज नाही, क्यूडिव्हाइस लावा, म्हणजे फक्त मत देणारं बाहेरचं मशीन. एखादं छोटं डेबियन लिनक्स मशीन, अगदी बोर्ड कॉम्प्युटरपण चालतो, त्यावर कोरोसिंक-क्यूनेटडी आणि दोन्ही नोडवर कोरोसिंक-क्यूडिव्हाइस ही पॅकेजं टाकायची. एकूण मतं ३, बहुमत २, एक होस्ट गेला तरी उरलेला आणि क्यूडिव्हाइस मिळून २ होतात. फक्त ते मशीन याच क्लस्टरवर व्हीएम म्हणून ठेवू नका, हसू नका, लोकं ठेवतात.

रात्रपाळी:
बरोबर. तोवर परत असा प्रसंग आला तर उरलेल्या नोडवर पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड १ ही कमांड द्यायची (म्हणजे एकच मत पुरे), कोरम परत येतो. पण आधी स्वतः जाऊन बघा की दुसरा होस्ट खरंच बंद आहे, पिंग लागत नाही म्हणून बंद असेल असं धरून चालू नका. शक्य असेल तर प्लगच काढून ठेवा.

बाकी दोन गोष्टी कोणी सांगितल्या नाहीत म्हणून सांगतो. रेप्लिकेशन किती मिनिटांनी आहे? डीफॉल्ट १५ मिनिटं असतं. होस्ट गेला की व्हीएम शेवटच्या कॉपीवरून उठते, मधलं जे काही लिहिलं गेलं ते गेलं. डेटाबेस असेल तर १ मिनिटावर आणा, तरी शून्य नुकसान होत नाहीच, ते पाहिजे असेल तर शेअर्ड स्टोरेज किंवा सेफ (Ceph, अनेक नोडवर पसरलेलं स्टोरेज), आणि सेफ म्हणजे निदान ३ नोड आले. शिवाय एचए म्हणजे लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम न थांबवता हलवणं) नव्हे, व्हीएम दुसरीकडे कोल्ड बूट होते, मधे दीड-दोन मिनिटं जातात.

दुसरं, रॅम. दोन्ही होस्ट ४५-५० जीबी भरलेले असतील तर एकावर सगळं मावणार कसं? दोन होस्ट असले की प्रत्येकी निम्म्याच्या आतच राहायचं, किंवा कुठल्या व्हीएम पडल्या तरी चालतील ते आधीच ठरवून त्यांना एचएमधून काढायचं.

जुनाखोडअॅडमिन:
माझं थोडं वेगळं मत. दोन होस्टला ऑटोमॅटिक एचए हवंच का? मी बरीच वर्षं ते न लावता चालवतोय. होस्ट गेला की जाऊन बघतो, एक्स्पेक्टेड १, मेलेल्या नोडच्या फोल्डरमधली व्हीएमची कॉन्फिग फाइल जिवंत नोडच्या फोल्डरमध्ये मूव्ह करायची, स्टार्ट. रेप्लिका तिथे असतेच. दहा मिनिटांचं काम. रात्री ३ वाजता उठायची तयारी नसेल तर मात्र केबलबाबांचं ऐका.

शंकासुर:
रॅमचं बघितलं, ४८ आणि ३९ जीबी, म्हणजे तसंही मावलं नसतं 🙈 टेस्टिंगच्या व्हीएम एचएमधून काढल्या. क्यूडिव्हाइस लावून आज टेस्ट केली. आधी जीयूआयमधून रीबूट दिलं तर काहीच हललं नाही, व्हीएम गपचूप होस्ट वर यायची वाट बघत बसल्या??

केबलबाबा:
रीबूट म्हणजे टेस्ट नव्हे. डीफॉल्ट पॉलिसीत रीबूट दिलं की एचए व्हीएम फ्रीझ करतं, होस्ट आत्ता परत येईल असं धरून. वायर ओढा. आणि हो, कोरोसिंक (नोडांचं आपसातलं बोलणं) आणि बॅकअप एकाच नेटवर्क कार्डवरून जात असतील तर वेगळे करा, निदान दुसरी लिंक तरी द्या, नाहीतर एखाद्या रात्री बॅकअपने लाइन भरली की दोन्ही होस्ट ठणठणीत असून रीसेट होतील.

शंकासुर:
वायर ओढली. दुसरा होस्ट जागचा हलला नाही, दोनेक मिनिटांत ५ पैकी ४ व्हीएम वर आल्या 🎉 पाचवी एररमध्ये अडकली, तिच्या सीडी ड्राइव्हमध्ये इन्स्टॉलेशनच्या वेळची आयएसओ (सीडीची इमेज फाइल) तशीच लावलेली होती आणि ती फाइल पहिल्या होस्टच्या लोकल स्टोरेजवर. ड्राइव्ह रिकामा केला, एचएची स्टेट डिसेबल्ड करून परत स्टार्टेड केली, उठली. दुसऱ्या लिंकसाठी कार्ड मागवलंय.

रात्रपाळी:
आयएसओ 😂 आमच्याकडेपण तेच झालं होतं. बाकीच्या व्हीएमचे ड्राइव्हपण आत्ताच बघून घ्या.