‘अपील निष्फळ झाले’ असे म्हणावे का?

पर्वरीहून: कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहातील कैदी अपिलाची सुनावणी होण्याआधीच शिक्षा भोगून सुटला, तर अपिलाचे काय झाले म्हणावे? मी बातमीत ‘निष्फळ झाले’ लिहिले, तर संपादकांनी ‘वाचकाला तो हरला असे वाटेल’ म्हणत ‘बाद झाले’ केले.

डिचोलीहून: बाद फलंदाज होतो किंवा मतपत्रिका होते, तेथे काहीतरी चुकलेले असते. निर्णय देण्यात अर्थ न उरलेल्या ज्या प्रकरणाला वकील दिवसभर ‘इन्फ्रक्चुअस’ म्हणतात, त्याच्या लॅटिन मुळातही फळच आहे, तेव्हा ‘निष्फळ’ अगदी चपखल बसते.

फोंड्याहून: मूळ जुळले म्हणून अर्थ जुळतोच असे नाही. मराठीत प्रयत्न निष्फळ होतात, म्हणजे फसतात. ‘प्रयोजनशून्य’ हा शब्द निःसंदिग्ध आहे.

डिचोलीहून: आणि तो आपल्याखेरीज कोणीही वापरणार नाही.

म्हापशाहून: शब्दाआधी कायदा पाहावा. शिक्षा भोगून झाली तरी दोषसिद्धीचा कलंक राहतो, नोकरीत आडवा येतो, म्हणून केवळ सुटकेमुळे अपील निरर्थक होत नाही. निरर्थक होतो तो शिक्षास्थगितीचा किंवा जामिनाचा अर्ज. अपीलकर्ता कैदी मरण पावला, तर अपिलाचे ‘उपशमन’ होते, म्हणजे ते निकालाविना संपते. ते पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 394 मध्ये होते, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 435 मध्ये आहे. त्यातही आईवडील, पती किंवा पत्नी, मुले, भावंडे यांनी 30 दिवसांत परवानगी मागितली, तर कारावासाविरुद्धचे अपील पुढे चालू शकते. आणि दंडाविरुद्धचे अपील तर मृत्यूनेही संपत नाही, कारण दंड मालमत्तेतून वसूल होतो.

फोंड्याहून: ‘उपशमन’ ज्वराचे होते. माणूस गेला आणि त्याचे अपील शमले, हे कानाला बरे वाटत नाही.

म्हापशाहून: कानाला बरे वाटावे म्हणून न्यायालयाची परिभाषा बदलत नाही.

मडगावहून: परिभाषेच्या शुद्धतेवर एवढे भांडताना ‘तुरुंग’ हा शब्दच पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून आला असे मानतात, हे विसरू नये. आमच्याकडे म्हातारी माणसे आजही ‘बंदखण’ म्हणतात.

फोंड्याहून: ‘बंदखण’ कोंकणी आहे, मराठी बातमीत ‘कारागृह’च हवे.

मडगावहून: गोव्यातल्या मराठी वाचकाला ‘बंदखण’ कळत नाही, असे आपण कोणाला विचारून ठरवले?