प्रतिसाद: जुन्यावरच नवे पत्रे नकोत

छपराच्या जुन्या पत्र्यावरच नवे टाका, उतरवायची मजुरी वाचते, हे वर एकानं लिहिलेलं काही पटलं नाही. दोन्हीच्या मधी ओल अडकते न् नव्यालाही खालून गंज चढतो, शिवाय पत्र्याखालचा लोखंडी अँगल गंजानं कुठं खाल्लाय ते दिसतच नाही. अजून एक कुणी लिहिलं नाही, सुरुवात कुठून करायची ते. आमच्या परभणीकडं पावसाळी वारं पश्चिमेचं, म्हणून पहिला पत्रा पूर्वेच्या टोकाला न् पुढचा त्याच्यावर चढवत पश्चिमेकडं यायचं, मग जोडात वारं शिरत नाही.

स्क्रू उंचवट्यावरच मारायला लावा, खोलगटात पाणी वाहतं. मिस्त्री लोक घाईत ड्रिल इतकं दाबतात की स्क्रूखालचं रबरी वायसर फाटून बाहेर येतं, मग पहिल्याच पावसात घरभर बादल्या.