मदत हवी आहे: बाळंतीण जाऊ रात्ररात्र जागी असते, घरच्यांना समजावू कसं?

नमस्कार. कोल्हापूरहून लिहितेय. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

माझी धाकटी जाऊ बाळंत होऊन आज ४२ दिवस झाले. मुलगा झालाय, गुटगुटीत आहे. एप्रिल २०२१ मध्ये सिझरच्या आदल्या दिवशी तिची कोरोना टेस्ट पॉझिटिव्ह आली. ताप नाही, खोकला नाही, तरी दवाखान्यात दोन दिवस बाळ तिच्यापासून वेगळं ठेवलं. आम्हाला कुणालाच आत सोडलं नाही. तिनं लेकाचं तोंड पहिल्यांदा बघितलं ते नर्सच्या मोबाइलवर. मास्क लावून, हात धुऊन आईनं बाळाला जवळ घ्यावं, अंगावर पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्येच सांगितलं होतं. हे मला परवा कळलं. तेव्हा माहीत असतं तर मी तिथं भांडले असते.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. माहेर कर्नाटकात निपाणीला, एरवी तासाभराची वाट. पण इकडं लॉकडाऊन, तिकडं लॉकडाऊन. तिच्या आईंना यायला पास हवा आणि परत जाताना राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा रिपोर्ट. त्यात वडिलांना दमा, त्यांना एकटं ठेवता येत नाही. आई अजून आलेल्या नाहीत. बारसं व्हिडिओ कॉलवर झालं.

सासूबाईंनी कशात कमी केलं नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, सगळं. मालिशवाल्या मावशी येऊ शकत नाहीत म्हणून गुडघे दुखत असताना बाळाला पायावर घेऊन स्वतः न्हाऊ घालतात. पण पोरीशी निवांत बोललं कुणीच नाही, मीसुद्धा नाही. फोन आला की 'बाळ कसं आहे?' एवढंच.

ती सॅनिटायझर इतकं लावते की बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात. दुपटी तीन-तीनदा उकळते. रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले, तर अंधारात बाळाच्या नाकाखाली बोट धरून बसलेली. म्हणाली, "वैनी, ह्याचा श्वास चाललाय न्हवं? मी झोपले की थांबतोय असं वाटतंय." मी म्हणाले, सगळ्यांनाच होतं गं असं पहिल्या वेळी. ते बोलायला नको होतं. चार दिवसांनी तिनंच भाजी निवडता निवडता सांगितलं, "माझ्यापेक्षा तुम्हीच ह्याला चांगलं सांभाळाल." डोळ्यांत पाणी नव्हतं, म्हणून जास्त घाबरले.

माझी एक मैत्रीण डॉक्टर आहे. तिनं सांगितलं, बाळंतपणानंतरचं रडू बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं, इथं सहा आठवडे झालेत. तिनं फोनवर एडिंबरा प्रश्नावलीचे, म्हणजे बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायचे, १० प्रश्न जावेला विचारले. मागच्या ७ दिवसांत कसं वाटलं, एवढंच असतं त्यात. ३० पैकी १३ किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं म्हणे. हिचे १७ आले. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घ्यायच्या विचाराचा असतो. त्यावर ती 'कधीच नाही' म्हणाली नाही, 'क्वचित' म्हणाली. मैत्रिणीनं बजावलं की एकटं सोडू नका, थांबू नका, आणि असा विचार वाढला तर रात्र-अपरात्र न बघता थेट मोठ्या दवाखान्यात न्या. कालपासून मी तिच्याच खोलीत झोपतेय. मानसोपचारतज्ज्ञांशी उद्या सकाळी ११ वाजता व्हिडिओवर बोलायचं ठरलंय.

आता अडचण घरात आहे. सासूबाई म्हणतात बाळंतवात आहे, दृष्ट काढू, सव्वा महिना उलटलाय, आता उतरेल. दृष्ट काढायला माझी ना नाही, पण डॉक्टर टळायला नकोत. दीर म्हणतात, गोळ्या चालू झाल्या तर दूध तोडावं लागेल आणि लोक वेडी म्हणतील.

विचारायचं आहे ते असं:

अंगावर पाजत असताना अशी औषधं कुणी घेतली आहेत का? मैत्रीण म्हणते दूध चालू ठेवून घेता येतात अशी औषधं आहेत, कोणतं ते डॉक्टर ठरवतील. पण दिरांना एखाद्या आईचा अनुभव वाचायला मिळाला तर ते ऐकतील.

सासूबाईंशी कसं बोलू? त्या वाईट नाहीत. त्यांचीही दोन बाळंतपणं सोसण्यात गेली, त्यामुळं 'आम्ही नाही का केलं' येतंच.

आणि रात्रीची पाळी. मी ठरवलंय की १० ते ३ बाळ माझ्याकडं, फक्त पाजायला तिच्याकडं न्यायचं. पण बाळ नजरेआड झालं की ती दचकून उठते. कुणी यातून गेलं असेल तर सलग चार तास झोप लागायला काय केलं, ते लिहा.

कृपया 'बाळाकडं बघून सगळं विसर' असं सांगू नका. ते आम्ही तिला महिनाभर रोज सांगितलंय.