विद्यार्थी असताना रेडिओवर बोललात? आपला अनुभव लिहा

महाराष्ट्रात ‘डीजे’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती मिरवणुकीच्या ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. २००६ साली मी वसतिगृहातून घरी फोन करून ‘कॉलेजच्या रेडिओवर डीजे म्हणून माझी निवड झाली’ असे सांगितले, तेव्हा वडील बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी एवढेच विचारले, “रात्री किती वाजेपर्यंत चालते ते?” त्या दिवसापासून मी घरी ‘निवेदक’ हा शब्द वापरू लागले. या धाग्यासाठी तोच शब्द धरावा असे सुचवते, म्हणजे गैरसमज टळतील.

शिकत असताना, पगाराविना किंवा नाममात्र मानधनावर, ज्यांनी रेडिओचे काम केले त्यांच्यासाठी हा धागा आहे. थोडी पार्श्वभूमी सांगते. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला होता. पण शिक्षणसंस्थांना स्वतःचे सामुदायिक रेडिओ केंद्र चालवण्याची मुभा देणारे धोरण यायला डिसेंबर २००२ उजाडला. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले आणि त्यानंतर आपल्याकडे पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४ मेगाहर्ट्झवर, मुंबई विद्यापीठाचे केंद्र १०७.८ वर, अशी केंद्रे उभी राहिली. स्वयंसेवी संस्थांना दार उघडले ते २००६ मध्ये. ‘खूप मजा आली, खूप शिकायला मिळाले’ हे सगळ्यांच्याच बाबतीत खरे असणार, त्यामुळे ते गृहीत धरून पुढचे लिहावे. हाताने प्रत्यक्ष काय केले, काय बिघडले आणि कोणासाठी केले, हे वाचायला आवडेल. सुरुवात मीच करते.

पुणे, २००६ ते २००८

मी गेले होते गाणी लावायला. निवड झालेल्या आम्हा अकरा जणांना पहिल्याच बैठकीत केंद्राच्या मॅडमनी सांगितले की गाणी वाजवायला शहरात खासगी केंद्रे आहेत. आपल्याकडे पन्नास वॅटचा ट्रान्समीटर आहे, गाण्यांच्या हक्कांचे पैसे भरायला निधी नाही, आणि नियमाप्रमाणे निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक असलेच पाहिजेत. बातम्या देण्यास मनाई होती. ‘उद्या अमुक भागात पाणी येणार नाही’ ही बातमी की सूचना, यावर आमच्यात एकदा अर्धा तास वाद झाला आणि तो मिटेपर्यंत प्रसारणाची वेळ निघून गेली. थोडक्यात, गाणी नाहीत, बातम्या नाहीत. उरली फक्त माणसे.

म्हणून रेकॉर्डर घेऊन बाहेर पडायचे. माझी पहिली मुलाखत आमच्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींची होती. स्वयंपाकघरातला पंखा इतका घरघरत होता की दुसरे काही ऐकूच येईना, मी तो बंद करायला सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, “करते की. मग पोळ्या तुम्ही लाटा.” पंखा सुरूच राहिला. शिवाय प्रत्येक वाक्य निम्मे बोलून झाले की पोळी फुगली का हे पाहायला त्या तव्याकडे वळत, आणि वाक्याचा उरलेला भाग भिंतीला ऐकू जाई. ती सहा मिनिटे संगणकावर जुळवायला मला चार तास लागले. आजही कोणाची ध्वनिमुद्रित मुलाखत ऐकताना माझे लक्ष आधी मागच्या आवाजाकडे जाते.

दुसरी अडचण गावाच्या नावातच होती. ओठ मिटून सोडताना ‘प’ आणि ‘फ’ या अक्षरांची हवा थेट माइकवर आदळते आणि ऐकणाऱ्याला फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. दर अर्ध्या तासाला केंद्राची ओळख देताना ‘पुणे’ म्हणावेच लागे, आणि दर अर्ध्या तासाला मी पुण्याचा स्फोट करत असे. माइक तोंडासमोर न धरता गालाच्या बाजूला तिरका धरायचा, ही युक्ती एका तंत्रज्ञ काकांनी दाखवली. ती प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नव्हती.

आकाशवाणीचे एक केंद्र, १९८३ ते १९८५

धागा मानधन न घेतलेल्यांसाठी आहे असे वाटून थांबलो होतो. ‘नाममात्र’ या शब्दाने आत घेतले, त्याबद्दल आभार. आमच्या वेळी विद्यार्थ्याला रेडिओचे एकच दार होते, ते म्हणजे ‘युववाणी’. दिल्ली केंद्रावर २१ जुलै १९६९ रोजी सुरू झालेली ही सेवा पुढे इतर केंद्रांवरही आली, आणि महाविद्यालयीन मुलामुलींना स्वरचाचणी देऊन तिच्यावर निवेदन करता येई. मानधनाचा धनादेश इतका छोटा असे की तो वटवायला बँकेत जाण्यापेक्षा मित्रांना दाखवण्यातच त्याचे सार्थक होई.

धाग्यात संगणकावर जुळवण्याचा उल्लेख आहे, म्हणून फितीच्या दिवसांतील एक प्रसंग सांगतो. ध्वनिमुद्रण स्पूलवर होत असे आणि फीत सेकंदाला साडेसात इंच, म्हणजे सुमारे एकोणीस सेंटिमीटर वेगाने फिरे. नको असलेला शब्द काढायचा तर दोन्ही चकत्या हाताने पुढेमागे करत तो शब्द नेमका कुठे सुरू होतो ते ऐकायचे, फितीच्या पाठीवर पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, दाढीच्या पात्याने तिरका छेद द्यायचा आणि टोके पांढऱ्या चिकटपट्टीने जोडायची. मला या कामाची एवढी गोडी लागली की एका ज्येष्ठ गिर्यारोहकाच्या मुलाखतीतून मी शब्दांबरोबर त्यांचे सगळे श्वासही कापून काढले. भाषण स्वच्छ झाले असे मला वाटत होते. ते ऐकून आमच्या अभियंत्यांनी यंत्र थांबवले आणि म्हणाले, “अहो, हा मनुष्य मरेल ना!” माणूस श्वास न घेता बोलू लागला की ऐकणाराही नकळत श्वास रोखून धरतो, हे त्या दिवशी कळले. अर्ध्या सेकंदाचा श्वास म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर फीत. टेबलाखालून तसले चौदा तुकडे गोळा करून, कोणता कुठला ते एकेक ऐकून मी परत जोडले. एक उलटा जोडला गेला. तो तसाच प्रसारित झाला आणि कोणाच्याही लक्षात आला नाही, अभियंत्यांच्या सोडून.

अमेरिका, मध्यपश्चिम भाग, २०११ ते २०१३

वरच्या दोन्ही अनुभवांच्या अगदी उलट माझी कथा आहे. अमेरिकेतील विद्यापीठांच्या रेडिओवर विद्यार्थी खरोखरच गाणी लावतात आणि कोणती लावायची हे बहुतांशी स्वतः ठरवतात. एफएमच्या पट्ट्यातील ८८ ते ९२ मेगाहर्ट्झचा भाग तिथे अव्यावसायिक केंद्रांसाठी राखून ठेवलेला असल्यामुळे अशी केंद्रे तिथेच दाटीवाटीने सापडतात. जाहिराती घेता येत नाहीत, पण त्यामुळेच कोणाची मर्जी राखण्याचाही प्रश्न येत नाही.

आधी सहा आठवड्यांचे प्रशिक्षण आणि लेखी परीक्षा. दर तासाच्या आरंभी केंद्राची अधिकृत ओळख, म्हणजे नावाची अक्षरे आणि लगेच परवान्यावरील शहराचे नाव, सांगणे कायद्याने बंधनकारक असते. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील केंद्रांची नावे बहुतेक ‘डब्ल्यू’ने सुरू होतात आणि माझे घोडे तिथेच अडले. आपण सारे शाळेपासून ‘डब्ल्यू’ म्हणतो. तिथे ते ‘डबल-यू’ असे तीन पायऱ्यांत म्हणावे लागते. आमच्या प्रशिक्षकाने मला हे अक्षर रिकाम्या स्टुडिओत चाळीस वेळा म्हणायला लावले होते.

नवख्या मुलांना रात्री दोन ते चारची वेळ मिळते. ही वेळ म्हणजे शिक्षाच, असे सगळे म्हणत. मला मात्र ती वरदान ठरली, कारण उन्हाळ्यात तिथले रात्रीचे दोन म्हणजे ठाण्यात दुपारचे साडेबारा. आमचे प्रसारण इंटरनेटवरही चाले, त्यामुळे आई जेवणाचे ताट घेऊन लॅपटॉपसमोर बसे. माझ्या कार्यक्रमाची ती एकमेव हमखास श्रोता आणि सर्वांत कडक परीक्षक होती. ‘इंग्रजी ठीक आहे, पण गाण्याचे नाव सांगताना तुझा ळ हरवतो,’ असा निरोप तिने पहिल्याच रात्री धाडला होता.

एकदा मी लावण्यांचा तास करायचे ठरवले. असभ्य मजकूर रात्री दहा ते सकाळी सहा याच वेळेत चालतो, असा तिथला नियम. नवीन गाणे संग्रहात घेताना कोणीतरी ते ऐकून त्यावर शेरा लिहायचा असतो, पण मराठी जाणणारी मी एकटीच. म्हणून कार्यक्रमप्रमुखाने चार लावण्यांचा इंग्रजी अर्थ लिहून मागितला. मी प्रामाणिकपणे शब्दाला शब्द ठेवून लिहून दिला: शेत, बांध, राखण, पिकलेले फळ, त्यावर टपलेले पाखरू. त्याने तो कागद दोनदा वाचला आणि सांगितले, “ही तर शेतीविषयक गाणी आहेत, दिवसाही चालतील.” मी तो तास रात्रीच केला. त्या दिवशी आईचा निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशी कळले की शेजारच्या काकू जेवायला आल्या होत्या आणि तिने आवाज बंद केला होता.

दक्षिण महाराष्ट्र, कृषी महाविद्यालय, २००९

थोडक्यात लिहितो. आमचे केंद्र जेमतेम दहा किलोमीटरपर्यंत ऐकू जाई आणि त्यातही मध्ये एक डोंगर होता. भारनियमनाचे दिवस होते, त्यामुळे वीज गेली की केंद्राचा यूपीएस आणि लोकांचे मोबाइल एवढ्यावरच सारा कारभार चाले. मोबाइलमधला रेडिओ इयरफोनची वायर खोचल्याशिवाय लागत नसे, कारण ती वायरच अँटेनाचे काम करते. द्राक्षबागेत एका कामगाराने ती वायर तारेच्या मांडवाला गुंडाळली होती, आणि त्या ओळीत उभे राहिले तर आमचे केंद्र डोंगरापलीकडेही लागत असे. ते पाहायला आमचे प्राध्यापक स्वतः गेले होते. भुरी आणि डाऊनी या द्राक्षांवरच्या रोगांतला फरक सांगणारे आमचे कार्यक्रम मात्र बागायतदार ऐकत नसत. त्यांना फवारणीसाठी उद्या पाऊस आहे का, एवढेच हवे असे.

मराठवाडा, २०१० ते २०१२

मी माइकवर एकदाही बोललो नाही. माझा आवाज घोगरा आहे आणि स्वरचाचणीत मला पहिल्या मिनिटात बाहेर काढले होते. मी कन्सोलवर, म्हणजे आवाज जुळवण्याच्या यंत्रावर, बसायचो: कोणाचा फेडर (आवाज कमीजास्त करणारी सरकपट्टी) वर करायचा, कोणाचा खाली, कोणती फाइल कधी सोडायची, आणि लॉगबुकात नोंद. त्यामुळे या धाग्यावर लिहावे की नाही, असा विचार बरेच दिवस केला.

सामुदायिक केंद्राने प्रसारित केलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा, असा नियम आहे. ते माझे काम होते. दिवसाचे आठ तास प्रसारण. सीडीच्या दर्जाचा आवाज साठवायचा तर तासाला सव्वासहाशे एमबीच्या वर जागा लागते, म्हणजे तीन महिन्यांत साडेचारशे जीबी. आमची हार्ड डिस्क पाचशेची होती. नवी घेण्याचा अर्ज मी दोनदा दिला आणि दोनदा परत आला. तेव्हा तीन महिने पुरे झाले की जुने पुसायचे, हा क्रम ठरून गेला. पहिल्या आठवड्यात हात थरथरत होता. नंतर सवय झाली.

आमच्या मुलींनी जवळच्या गावात जाऊन एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या आणल्या होत्या. आजींनी अट घातली होती की जाते फिरल्याशिवाय ओवी सुचत नाही, म्हणून दोन पायली ज्वारी दळून होईपर्यंतचे मुद्रण होते. मीच ते साफ केले, पण जात्याची घरघर मुद्दाम ठेवली. संक्रांतीच्या दिवशी ते लागले.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आजींची नात केंद्रावर आली. आजी गेल्या होत्या. “दादा, आजीचा आवाज पाहिजे होता,” एवढेच ती म्हणाली. मी डिस्क उघडून शोधण्याचे नाटक केले, कारण फाइल नाही हे मला ती दारात उभी असतानाच ठाऊक होते. मुलींच्या रेकॉर्डरवर पाहिले, एका जुन्या सीडीवर पाहिले. कुठेच नव्हते. नियम मोडला नव्हता. नियम तीन महिन्यांचाच होता, आणि तो किमान काळ आहे, त्यानंतर पुसलेच पाहिजे असे त्यात कुठेही लिहिलेले नाही, हे मी तोपर्यंत कधी नीट वाचले नव्हते.

शेवटी लॉगबुक काढले. त्यात माझ्या अक्षरात आजींचे नाव, गावाचे नाव, आणि पुढे ‘ओव्या, ११ मि. ४० से., जात्याचा आवाज आहे, ठीक’ अशी नोंद होती. तिने ते पान खिडकीजवळ उजेडात नेले, मोबाइलने त्याचा फोटो काढला, तो नीट आला का ते पाहिले, आणि वही मला परत दिली.